अक्काची वही आणि वीस घरं



नातीचा पीयूसीचा निकाल लागला. मार्क चांगले पडले. कॉमर्सची मुलगी, आजोबा बँकेतले, तेव्हा बी.कॉम. आणि जमलं तर सी.ए., असं घरात सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. तिने रात्री जेवताना सांगून टाकलं, "मी बी.ए. करणार. सोशियॉलॉजी घेऊन."

मुलगा म्हणाला, "एवढे मार्क पडून बी.ए.? आणि पुढे काय?"

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. घरात नोकरीचं आणि पैशाचं शेवटचं मत माझं, अशी रीत पडून गेली आहे. मी काहीच बोललो नाही. हात धुतले आणि बाहेर जाऊन बसलो. कारण हेच वाक्य मी 1967 साली निपाणीच्या घरात ऐकलं होतं. तेव्हा मुलगी दुसरी होती, बाप दुसरा होता. गप्प बसणारा मात्र मीच होतो.

ती मुलगी म्हणजे माझी थोरली बहीण, आमची अक्का.

आमचे अण्णा, म्हणजे वडील, निपाणीत एका तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. वखारीचं नाव सांगत नाही, मालकही आता नाहीत. 1956 साली 1 नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली आणि मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. मी पाच वर्षांचा होतो. मोठी माणसं वाड्याच्या ओसरीवर बसून हळू आवाजात बोलत होती, एवढंच आठवतं. पुढे 1967 साली महाजन आयोगाचा अहवाल आला. बेळगाव तिकडेच ठेवा, पण निपाणी महाराष्ट्राला द्या, असं त्यात होतं. अण्णा म्हणाले, "बघा, आता दोन-चार वर्षांत आपण महाराष्ट्रात." ती दोन-चार वर्षं अजून चालू आहेत.

आमच्या गावाची गंमत अशी, की घर एका राज्यात आणि कॉलेज दुसऱ्या राज्यात. 1960 साली सुरू झालेलं देवचंद कॉलेज गावाला लागूनच आहे, पण ती जागा अर्जुननगर, तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर. पोरं कर्नाटकात जेवून महाराष्ट्रात शिकायला जायची आणि संध्याकाळी परत यायची. त्यात कोणाला काही विशेष वाटायचं नाही.

अक्का मात्र कोल्हापूरला गेली. तिथे मावशी होती, राहण्याची सोय होती. बी.ए.ला तिने समाजशास्त्र घेतलं. अण्णांनी विचारलं, "हे कसलं शास्त्र? समाज काय प्रयोगशाळेत घालायचा?" आई म्हणाली, "राहू द्या. लग्न होईपर्यंत शिकू दे." म्हणजे परवानगी मिळाली ती अशी. विषयाला कोणी मान दिला म्हणून नव्हे, पोरीचं शिक्षण कोणी फार मनावर घेत नव्हतं म्हणून. मी दोन वर्षांनी धाकटा. मुलगा म्हणून मला बेळगावला टिळकवाडीत खोली घेऊन दिली आणि बी.कॉम.ला घातलं. अक्काचे मार्क माझ्यापेक्षा जास्त होते, हे आज लिहून ठेवतो.

सुट्टीत ती आली की पुस्तकातलं सांगायची. मी अर्धवट ऐकायचो. पुढे कळलं, की ज्या विषयाला आम्ही हसत होतो तो आपल्याच माणसांनी या देशात उभा केलेला होता. मुंबई विद्यापीठात 1919 साली पॅट्रिक गेडिस यांनी समाजशास्त्राचा विभाग सुरू केला. 1924 साली तो गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे आला. घुर्ये मालवणचे. केंब्रिजहून शिकून आलेले. जातीवरचा त्यांचा ग्रंथ 1932 सालचा. त्यांच्या हाताखालून इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, अ. र. देसाई अशी माणसं तयार झाली. कोल्हापुरात समाजशास्त्र शिकवणारे डॉ. विलास संगवे हेही घुर्यांचेच विद्यार्थी. त्यांनी जैन समाजाची पाहणी करून लिहिलेला ग्रंथ 1959 साली निघाला. आमच्या चिकोडी-निपाणी भागात जैन शेतकरी केवढे! काही घरी मराठी बोलणारे, काही कन्नड बोलणारे, आणि सोयरिकी सीमेच्या दोन्ही अंगांना. त्यांच्याविषयी असं कोणी शिस्तीत लिहिलंय, हे आमच्यापैकी किती जणांना ठाऊक होतं?

अक्काचं सगळ्यात आवडतं नाव इरावती कर्वे. बहुतेक घरांत त्या 'युगान्त'मुळे माहीत आहेत. पण त्यांचा मोठा ग्रंथ भारतातल्या नातेसंबंधांवर आहे, 1953 सालचा. नातं कसं मोजतात, लग्न कोणाशी चालतं, कोणाशी चालत नाही, यावरून त्यांनी देशाचे भाग पाडले. त्यात महाराष्ट्र मधल्या पट्ट्यात येतो आणि कर्नाटक दक्षिणेच्या. अक्का म्हणाली, "बघ, ही रेघ आपल्या दारातूनच जाते की." आणि खरंच. बऱ्याच मराठी जातींत मामाची मुलगी केलेली चालते, आत्याची सहसा चालत नाही. कन्नड घरांत मामाने भाचीशी लग्न केलेलंही चालतं. आमच्या गल्लीत दोन्ही प्रकारची घरं होती आणि एकमेकांना नावंही ठेवायची. राज्याची रेघ 1956 साली आली. ही दुसरी रेघ कित्येक पिढ्यांची, आणि ती सरळ नव्हतीच. ती घराघरातून वळत गेलेली.

मग तिने विचारलं, "आपण मराठी ना? मग मला अक्का का म्हणतोस? वडलांना अण्णा का म्हणतो?" हे शब्द कानडीतून आलेत, हे मला तोपर्यंत सुचलंही नव्हतं. गैरसमज नको. कागद आपल्या भाषेत मिळावेत, पोरांना आपल्या भाषेत शाळा मिळावी, हे गाऱ्हाणं खरंच आहे आणि आमच्या पिढीने त्यासाठी खूप सोसलं. पण गाऱ्हाणं मांडणारी माणसं कशी घडली आहेत हेही बघायला शिकवणारा विषय मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

आता वहीची गोष्ट.

अक्का शेवटच्या वर्षाला होती. त्यांच्या सरांनी प्रत्येकाला सांगितलं होतं, आपल्या गावातली वीस घरं बघून या. घरात माणसं किती, कमावतं कोण, शिकलेलं कोण, कर्ज कोणाकडून, लग्नं कुठे झाली, सगळं विचारून लिहा. 1969 सालच्या दिवाळीच्या सुट्टीत अक्का दोनशे पानी वही घेऊन निपाणीत फिरली. तिने घरं निवडली ती वखारीत काम करणाऱ्या बायकांची.

निपाणीच्या बाहेरच्यांसाठी सांगतो. बिडीचा तंबाखू आमच्याकडे शेतात पिकतो, पण बिडीत जाण्याआधी तो वखारीत कुटायचा, चाळायचा, पाखडायचा असतो. ते काम बायकांचं. दिवसभर भुकटीत बसायचं, नाकातोंडाला पदर बांधायचा. संध्याकाळी त्या घरी निघाल्या की रस्त्यालाही वास यायचा. आम्ही पोरं नाक धरून पळायचो. काही बायका घरी बिड्या वळायच्या. मजुरी हजार बिड्यांवर, आणि खराब म्हणून बाजूला काढलेल्या बिड्यांचे पैसे नाहीत. बिडी कामगारांसाठी 1966 साली कायदा झाला होता. त्या वीस घरांत तो कोणी ऐकलेला नव्हता.

अक्का संध्याकाळी वही घेऊन यायची आणि मला म्हणायची, "तू कॉमर्सचा ना, बेरजा कर." मी केल्या. आठवड्याची मजुरी, घरभाडं, दुकानाची उधारी, वखारीतून घेतलेली उचल. बेरीज कुठल्याच घरात जुळेना. खर्च कायम जास्त. मी म्हटलं, "तुझ्या बायका आकडे चुकीचे सांगतात." ती म्हणाली, "चुकीचे नाहीत. जो फरक दिसतोय ना, ती उचल. ती कधी फिटतच नाही. म्हणून त्या दुसऱ्या वखारीत जाऊ शकत नाहीत."

मी तेव्हा अकाउंटन्सीत पहिला येत होतो. ताळेबंद जुळला नाही की चूक शोधायची, एवढंच शिकलो होतो. न जुळणारा आकडाच खरी गोष्ट सांगतो, हे मला त्या दिवशी बी.ए.च्या मुलीने शिकवलं.

आणखी एक गोष्ट त्या वहीत होती. निम्म्याहून जास्त घरांत कुटुंबप्रमुख बाई होती. त्यातल्या काही यल्लम्माला सोडलेल्या. सौंदत्तीचा डोंगर आमच्याच जिल्ह्यात. मुंबई इलाख्यात 1934 सालीच देवदासी प्रथेविरुद्ध कायदा झाला होता आणि निपाणी त्याच इलाख्यात होती. कायद्याला पस्तीस वर्षं होऊन गेली होती आणि वहीत नावं होतीच.

अण्णांनी वही पाहिली. त्यातल्या बायका त्यांच्याच वखारीतल्या होत्या. उचलीचा हिशोब तेच लिहायचे, त्यांच्याच अक्षरात. ते ओरडले नाहीत. वही मिटली आणि म्हणाले, "ही कॉलेजात द्यायची नाही. उद्या मालकांच्या कानावर गेलं तर खाणार काय?" अक्का माझ्याकडे बघत होती. बेरजा मी केल्या होत्या, आकडे खरे आहेत हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "अण्णा म्हणतात ते बरोबर आहे."

तिने वही ट्रंकेत टाकली. कोल्हापूरला मावशीच्या गल्लीतली वीस घरं लिहून दिली आणि चांगले मार्क मिळवले. 1970 साली बी.ए. झाली. एम.ए. करायचं होतं, पण स्थळ आलं आणि पुढच्याच वर्षी लग्न झालं. निपाणीचं घर सोडलं तेव्हा ट्रंकेतले कागद रद्दीत गेले. त्यात वहीही गेली.

मी 1973 साली बँकेत लागलो. बँकांचं राष्ट्रीयीकरण 1969 साली झालेलं, त्यामुळे खेड्यात शाखा आणि गरिबाला कर्ज हे आमच्या पिढीचं काम. आठव्या दशकाच्या शेवटी आय.आर.डी.पी. आली आणि 1980 पासून देशातल्या सगळ्या तालुक्यांत लागू झाली. मी त्या वेळी निपाणी भागातल्या एका शाखेत होतो. म्हशीला कर्ज, शेळ्यांना कर्ज, शिलाई मशीनला कर्ज.

एक दिवस एक बाई आली. वखारीत काम करणारी, शेळ्या घ्यायच्या होत्या. फॉर्मवर रकाना होता, 'वडिलांचे / पतीचे नाव'. मी विचारलं. ती म्हणाली, "आमास्नी कुठला नवरा वो साहेब? यल्लम्माच्या नावानं हाय आमी." वडील कोण तेही सांगता येईना. रकाना रिकामा ठेवला तर अर्ज परत येणार. मी रात्री अक्काला पत्र लिहिलं. उत्तर एका कार्डावर आलं, "आईचं नाव लिही. आणि रकान्यात चूक आहे, बाईत नाही, असं शेऱ्यात लिही."

आईचं नाव लिहिलं. शेरा लिहायचं धाडस झालं नाही. अर्ज एकदा परत आला, पुन्हा पाठवला, मग मंजूर झाला. पण त्या दिवसापासून छापील फॉर्म हातात आला की मी आधी बघायचो, हा फॉर्म ज्याने छापला त्याच्या डोळ्यांपुढे कोणतं घर होतं? त्यात कोण बसत नाही? हे मला बँकेच्या कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं नाही.

त्याच काळात निपाणी पेटली. मार्च 1981 मध्ये तंबाखूला भाव मिळावा म्हणून शरद जोशी आणि प्रा. सुभाष जोशी यांच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी पुणे-बेंगलोर रस्त्यावर येऊन बसले. 6 एप्रिलला गोळीबार झाला आणि 12 शेतकरी गेले. वखारीतल्या बायकांचीही संघटना उभी राहिली. अनिल अवचटांनी त्यांच्याविषयी लिहिलं. 1982 साली 'युगांतर' या गटाने, दीपा धनराज यांच्या दिग्दर्शनाखाली, 'तंबाखू चाकिला ऊब आली' नावाचा माहितीपट त्यांच्याबरोबर बसून केला. कर्नाटकाने देवदासी प्रथेविरुद्ध नवा कायदा केला तोही 1982 सालचाच. बाहेरची माणसं येऊन जे बघत होती, लिहीत होती, त्यातलं बरंचसं बारा वर्षं आधी आमच्या ट्रंकेत होतं. ते छापून आलं असतं तर जग बदललं असतं, असं मी म्हणत नाही. एका बी.ए.च्या मुलीची वही ती. पण आमच्या घरात तरी ते आम्हाला कळलं असतं.

नात परवा विचारत होती, "आबा, या विषयात नक्की काय शिकवतात?" मी तिला माझ्या भाषेत सांगितलं. एका माणसाचं कर्ज थकलं तर ती त्याची गोष्ट. आजारपण, दारू, आळस, काहीही असेल. पण एका गावातली शंभर कर्जं एकाच वर्षी थकली तर शंभर आळशी माणसं शोधत बसायचं नाही. पाऊस बघायचा, भाव बघायचा, गावात पत कोणाच्या हातात आहे ते बघायचं. फ्रान्सच्या दुर्खीमने 1897 साली आत्महत्येवर ग्रंथ लिहिला तो याच तऱ्हेने. माणूस अगदी एकटा असताना करतो त्या गोष्टीचे आकडेसुद्धा देशादेशांत, धर्माधर्मांत वेगवेगळे आणि वर्षानुवर्षं जवळपास तेच राहतात, मग त्याचं कारण एकट्या माणसात कसं सापडेल? बँकेत आम्ही थकबाकीचे तक्ते भरायचो. त्यातून काय दिसतं ते वाचायला शिकवणारा हा विषय आहे.

आणि आपल्या गावाचं म्हणाल तर बाबासाहेब आंबेडकर एप्रिल 1925 मध्ये निपाणीत परिषदेला आले होते. त्याआधी नऊ वर्षं, 1916 साली, कोलंबिया विद्यापीठात त्यांनी जातींच्या उगमावर निबंध वाचला होता. जात टिकते ती लग्न जातीतच लावल्यामुळे, हा त्यातला गाभा. तो पुढच्याच वर्षी छापूनही आला. जवळच्या जमखंडीत जन्मलेले विठ्ठल रामजी शिंदे यांनी गावोगाव फिरून 'भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न' लिहिला, 1933 साली. त्र्यंबक नारायण आत्र्यांचा 'गावगाडा' तर 1915 चा. एवढी मोठी शिदोरी मराठीत असून आम्ही म्हणत राहिलो, "मार्क कमी पडले का? मग आर्ट्सला जा."

पोटाचं काय, हा मुलाचा प्रश्न खोटा नाही. मी तिला साखर लावून सांगितलं नाही. नुसत्या बी.ए.वर नोकरी मिळत नाही, पुढे एम.ए., समाजकार्य, कायदा, शिक्षक होणं किंवा स्पर्धा परीक्षा, काहीतरी जोडावंच लागतं. पण नुसत्या बी.कॉम.वर तरी आज कोण दारात उभं करतं? 1992 साली नाबार्डने बचत गटांना बँकेशी जोडायचा प्रयोग सुरू केला, तेव्हा गटातल्या बायकांना तारण मागायचं नाही असं ठरलं. आमचे कितीतरी हुशार अधिकारी म्हणाले, पैसे बुडणार. गटातल्या बायकाच एकमेकींची हमी असतात, हे ज्यांना समजलं त्यांनी ते काम केलं. तिथे माझ्या बी.कॉम.पेक्षा अक्काचं कार्ड जास्त उपयोगी पडलं.

मुलाला मी दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं, "तिला घेऊ दे. फी मी भरतो." तो म्हणाला, "फीचा प्रश्न नाही आबा." मी म्हटलं, "माहीत आहे. मागे एकदा गप्प बसलो होतो, आता बसणार नाही." त्याला वहीची गोष्ट माहीत नव्हती. त्या दिवशी सांगितली. अक्काला मी काय म्हणालो होतो, तेही सांगितलं.

श्रीनिवास यांची एक हकिगत आहे. म्हैसूरकडच्या एका खेड्याची त्यांनी जमवलेली टिपणं 1970 साली अमेरिकेत आगीत जळाली. मग त्यांनी आठवणीतून ग्रंथ लिहिला, 1976 साली निघाला. नातीने ही हकिगत कुठेतरी वाचली आणि मला म्हणाली, "मग अक्काआजी का नाही सांगणार?"

अक्का आता पंच्याहत्तर ओलांडून गेली आहे. आम्ही तिच्याकडे गेलो, नातीने फोन समोर ठेवला. मी म्हटलं, "अक्का, त्या दिवशी माझं चुकलं." ती म्हणाली, "ते राहू दे. तुला किती घरं आठवतात?" मला तीन आठवली. तिला अकरा आठवतात, गल्लीसकट, कोणाच्या दारात काय झाड होतं त्यासकट. नावं आम्ही बदलून लिहितोय. ज्यांच्या घरी माहेरचे, शेजारचे, वखारीतले जुने कोणी असतील त्यांनी आपापल्या घरातलंही विचारून ठेवा. माणसं आहेत तोवरच.

नात लिहून घेते. उचलीचे आकडे आले की वही माझ्याकडे सरकवते. बेरीज मी करतो. अजूनही जुळत नाही. जो फरक निघतो, तो या वेळी वहीत लिहिला आहे.